दान, ऋण आणि समाजकार्याचे पाठ्यपुस्तक

ज्ञानाचे दान सर्व दानांत श्रेष्ठ, यावर मनुस्मृती आणि धम्मपद यांचे एकमत आहे. एरवी या दोन ग्रंथांचे फारसे पटत नाही, म्हणून हे एकमत डोळ्यांत भरते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाणी, अन्न, गाय, जमीन, वस्त्र, तीळ, सोने, तूप अशी दानांची यादी येते आणि वेद शिकवणे या सगळ्यांच्या वर ठेवले जाते. धम्मपदही धम्मदानाला तेच स्थान देते. फाटा फुटतो तो घेणारा कोण, या प्रश्नापाशी. ज्या अध्यायात विद्यादानाची ही थोरवी सांगितली आहे, त्याच अध्यायात थोडे आधी शूद्राला धर्म शिकवणाऱ्याला नरकाची भीती घातलेली आहे. बौद्ध परंपरेने ही अट पाळली नाही. छपाईची तारीख असलेले जगातले सर्वांत जुने उपलब्ध पुस्तक म्हणजे चीनमध्ये इ.स. ८६८ साली छापलेले वज्रसूत्र. एका माणसाने आईवडिलांच्या पुण्यार्थ ते छापवून घेतले आणि ते सर्वांना मोफत वाटण्यासाठी आहे, अशी नोंद शेवटी केली. घेणाऱ्याची जात, योग्यता, अधिकार यांचा तिथे उल्लेखही नाही. विद्या दिल्याने वाढते आणि चोराला ती नेता येत नाही, असे सुभाषित आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आले. ती द्यायची कोणाला आणि ते ठरवायचे कोणी, हे मात्र पाठ करणाऱ्यांनी क्वचितच विचारले.

हा जुना प्रश्न आज छत्रपती संभाजीनगरात बऱ्याच रूक्ष रूपात उभा आहे. समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने काय वाचायचे, आणि ते कोणाच्या मालकीचे असायचे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे येतात. दुष्काळ, स्थलांतर आणि शेतकरी आत्महत्या या तिन्ही गोष्टी जिथे रोजच्या बोलण्यात असतात, असा हा प्रदेश. इथला एमएसडब्ल्यूचा विद्यार्थी व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन पद्धती असे विषय शिकतो आणि ठरलेल्या दिवशी क्षेत्रकार्यासाठी वस्तीत किंवा संस्थेत जातो. त्याच्या हाती पडते ते ग्रंथालयातल्या एखाद्या इंग्रजी ग्रंथाची एकुलती प्रत, औरंगपुऱ्यातल्या दुकानात मिळणारे परीक्षेपुरते पुस्तक, वरच्या वर्गाकडून उतरत आलेल्या झेरॉक्स नोट्स आणि मोबाइलवर फिरणारी, कुठून आली हे कोणी न विचारलेली पीडीएफ. या स्थितीवर मोफत पाठ्यपुस्तकांचा उपाय सुचवला की चर्चा लगेच विद्यार्थ्याच्या गरिबीवर येते. गरिबी खरी आहे. पण तो युक्तिवाद अपुरा आहे, आणि समाजकार्याच्या बाबतीत तर थोडा घातकही. पाठ्यपुस्तक मोफत असावे ते विद्यार्थी गरीब आहे म्हणून, असे म्हटले की आपण पुन्हा दानाच्या व्यवहारात शिरतो. मला वाटते, इथे दानाची भाषाच सोडली पाहिजे. समाजकार्याचे ज्ञान ज्यांच्याकडून आले त्यांचे ते देणे आहे, आणि पुस्तक मोकळे करणे ही त्या देण्याची परतफेड आहे.

दानाला दात्याचे नाव लागते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. पंधराशे वर्षांनंतरही त्या विहाराचा दाता कोण हे आपल्याला ठाऊक आहे. तो विहार ज्यांनी खोदला त्यांची नावे मात्र ठाऊक नाहीत. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये देणगीच्या व्यवहारावर लिहिताना महाभारतातल्या दानधर्माचाही आधार घेतला. त्याचे म्हणणे, फेड न झालेली देणगी घेणाऱ्याला खाली ढकलते. दयेची ही उतरंड मोडून हक्काच्या पायावर उभे राहायचे, हाच आधुनिक समाजकार्याचा दावा आहे. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, ज्याची पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली, तेव्हापासून भारतात हा विषय व्यवसाय म्हणून शिकवला जातो आणि पहिल्याच तासाला धर्मादाय आणि समाजकार्य यांतला फरक सांगितला जातो. हा फरक त्याच्याही चार वर्षे आधी, कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकेपणाने, डॉ. आंबेडकरांनी एका पत्रात मांडला होता. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, नोव्हेंबर १९३२ मध्ये, जहाजावरून त्यांनी अस्पृश्यताविरोधी लीगचे सरचिटणीस अ. वि. ठक्कर यांना ते लिहिले. त्यात त्यांनी कामाच्या दोन पद्धती वेगळ्या केल्या. एका पद्धतीत माणसाच्या हलाखीचे मूळ त्याच्या वागण्यात शोधतात आणि त्याला सद्गुणी करण्याची खटपट करतात. दुसरीत ते मूळ त्याच्याभोवतीच्या समाजरचनेत शोधतात आणि ती रचना बदलायला निघतात. आंबेडकरांचा कौल दुसऱ्या पद्धतीला होता. विहिरीवर, शाळेत, चावडीवर नागरी हक्क बजावण्याची मोहीम हाती घ्या, असे त्यांनी सुचवले.

इथेच माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप उभा राहतो, आणि तो याच पत्रातून येतो. पहिल्या, म्हणजे कमी मोलाच्या पद्धतीची उदाहरणे देताना आंबेडकरांनी दारूबंदी, व्यायामशाळा, सहकार यांच्या जोडीला वाचनालये आणि शाळाही घातल्या आहेत. मग मोफत पुस्तक हे त्याच वाचनालयाचे नवे रूप का म्हणू नये? समाजरचना आहे तशी ठेवून हाती एक पुस्तक दिले, की काम झाल्याचे समाधान वरच्यांना आणि वाचल्याचे समाधान खालच्यांना! हा आक्षेप उडवून लावता येत नाही. त्याचे उत्तर आंबेडकरांच्या पुढच्या कामात सापडते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढले. शिक्षणाला कमी लेखणारा माणूस हे करत नाही. पत्रातला विरोध शाळेला नव्हता. शाळा कोणाच्या मेहेरबानीने चालते आणि ती कोणती समजूत पक्की करते, याला तो होता. मिलिंद हे नाव ज्या राजाचे, तो भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून अडवू पाहत होता, आणि महाविद्यालयाचा परिसर ओळखला जातो तो त्या नागसेनाच्या नावाने. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांना एकाच आवारात जागा देणारी ही संस्था होती. तिला वाचनालयाच्या दानशूर परंपरेत बसवता येणार नाही. तेव्हा पुस्तक मोफत आहे की नाही, एवढ्याने काही ठरत नाही. विद्यार्थ्याला ते उपकार म्हणून मिळते की आपला वाटा म्हणून, आणि त्यात त्याला काही बदलता येते की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

उपकाराच्या जागी ऋण ही कल्पना आणली तर प्रश्न उलगडू लागतो. तैत्तिरीय संहितेत माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे. त्यांतले ऋषिऋण अध्ययनाने फिटते. ही कल्पना तिथे ब्राह्मणापुरती सांगितली आहे, आणि तिच्या मर्यादा झाकून ती वापरणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तिच्यातला एक विचार घेण्यासारखा आहे: ज्ञान मिळाले की माणूस मालक होत नाही, देणेकरी होतो. आता समाजकार्यात ऋषी कोण, हे विचारून पाहावे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतरच्या पुनर्वसनावर अहवाल निघाले, लेख आले, प्रबंध झाले. त्या लेखनाचा कच्चा माल गावकऱ्यांच्या मुलाखती होत्या. नव्या वसाहतीत जुन्या शेजाराचे काय झाले, एकट्या राहिलेल्या बाईच्या घराचा ताबा कोणाकडे गेला, हे त्यांनी सांगितले म्हणून अभ्यासकाला कळले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तो प्रश्न जगापुढे आला तोही बायकांनी तोंड उघडले म्हणून. समाजकार्याचे ज्ञान असेच साठत जाते. भौतिकशास्त्राचे पुस्तक लिहिणाऱ्याला इलेक्ट्रॉनचे देणे नसते. व्यक्तिसहाय्य कार्याच्या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण मात्र कोणीतरी आपले दुःख सांगितल्यामुळे लिहिले गेलेले असते. आंतरराष्ट्रीय समाजकार्य संघटनांनी जुलै २०१४ मध्ये मेलबर्न इथे स्वीकारलेल्या जागतिक व्याख्येत समाजकार्याच्या आधारांमध्ये सामाजिक शास्त्रांच्या जोडीने स्थानिक समाजांचे पारंपरिक ज्ञानही मोजले आहे. हे मान्य केल्यावर त्या ज्ञानाला कुंपण घालून ते त्याच समाजाच्या मुलांना विकणे कोणत्या न्यायात बसते?

मोफत म्हणजे नेमके काय, याबद्दल मात्र आपल्याकडे बराच गोंधळ आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे समाजकार्याचे साहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर आहे. केंद्र सरकारच्या पैशातून तयार झालेल्या ‘ई-पीजी पाठशाला’त समाजकार्य हा स्वतंत्र विषय आहे. दोन्ही कामे मोलाची आहेत आणि दोन्ही कोणालाही वाचता येतात. पण मुक्त विद्यापीठाच्या पुस्तिकांवर लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग पुन्हा छापू नये, अशी सूचना असते. म्हणजे वाचायला मुभा आहे, हात लावायला नाही. अंबडच्या एखाद्या प्राध्यापकाने त्यातले प्रकरण मराठीत आणून दिल्लीच्या उदाहरणाच्या जागी गोदाकाठचे उदाहरण घातले, तर तो नियमभंग ठरेल. अमेरिकेत मॅथ्यू डिकार्लो या अध्यापकाने समाजकार्यातल्या संशोधन पद्धतीवरचे पाठ्यपुस्तक २०१८ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. पुढे सहकाऱ्यांबरोबर पदव्युत्तर वर्गासाठीही असेच पुस्तक केले. तिथल्या अटी साध्या आहेत. मूळ लेखकाचे नाव द्या, व्यापार करू नका, आणि बदल केलात तर तोही अशाच मोकळेपणाने द्या. शेवटची अट ऋणाच्या कल्पनेच्या अगदी जवळ येते. घेणाऱ्याने दात्याला काही परत करायचे नाही, पुढच्याला द्यायचे. मात्र हे पुस्तक आहे तसे उचलून इथे लावले तर काम बिघडेल, कारण त्यातले कायदे, संस्था आणि उदाहरणे अमेरिकेतली आहेत. भारतातल्या समाजकार्य शिक्षणाला अमेरिकी साच्याचे वळण सुरुवातीपासूनच लागले. टाटा संस्थेचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकी मिशनरी होते. विकतच्या परकेपणाच्या जागी फुकटचा परकेपणा आणण्यात काही कमाई नाही.

या शहराला हा धडा एकदा मिळून गेलेला आहे, आणि तो फार कोणाच्या लक्षात नाही. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा धाडसी निर्णय घेतला गेला. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतर विभाग काढला होता. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. त्यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था १९१३ च्या सुमारास औरंगाबादला आली आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ इथूनच काम करत राहिली. विज्ञान, कायदा, वैद्यक, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांची पुस्तके सरकारी खर्चाने उर्दूत आली, परिभाषा घडवली गेली. इंग्रजी हीच उच्च शिक्षणाची भाषा असते, हे गृहीत धरलेल्या काळात देशी भाषेत विद्यापीठ चालवून दाखवणारा हा प्रयोग होता, आणि त्याबद्दल आदरच बाळगायला हवा. पण मराठवाड्यातल्या बहुसंख्य माणसांची भाषा मराठी होती. राज्यकर्त्यांनी पुस्तके उदारपणे करून दिली. ज्यांच्यासाठी ती केली म्हणायचे, त्यांच्यातल्या बहुतेकांना ती परकीच राहिली. १९४८ मध्ये राज्य गेले, विद्यापीठाने इंग्रजीची वाट धरली आणि ते सारे भाषांतरित भांडार अभ्यासक्रमातून उठले. वरून आलेल्या ज्ञानाचे आयुष्य वरच्याच्या सत्तेइतके असते. खालून दुरुस्त होत जाणारे पुस्तक सत्ता बदलल्यावरही टिकण्याची शक्यता अधिक, कारण ते सांभाळणारे हात अनेक असतात.

ज्ञान मोकळे करू नये, असे म्हणणाऱ्यांची एक बाजू मात्र नीट ऐकून घेतली पाहिजे. महानुभाव पंथाने ती प्रत्यक्ष जगून दाखवली आहे. केशोबास संस्कृतात लिहू पाहत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. तसे केल्याने पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. तेराव्या शतकात इतक्या स्पष्टपणे वाचकाचा विचार करणारा माणूस मराठीला लाभला, ही मोठी गोष्ट आहे. आणि त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. ग्रंथांची विटंबना होऊ नये, अपात्राच्या हाती ते पडू नयेत, हा हेतू होता. परिणाम असा झाला, की विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांतून त्या लिप्या उलगडेपर्यंत मराठीच्या आद्य गद्याचा हा ठेवा बहुतेक मराठी वाचकांना ठाऊकच नव्हता. पंथ सुरक्षित राहिला आणि भाषा सहा शतके गरीब राहिली. तरीही जपणूक करण्यामागचा विचार समाजकार्याला टाकून देता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराने होरपळलेल्या बाईची हकिकत, एचआयव्हीबाधिताची नोंद, दत्तक गेलेल्या मुलाचे मूळ हे सेवार्थीने, म्हणजे मदत घ्यायला आलेल्या माणसाने, विश्वासाने सोपवलेले असते, आणि नाव बदलले तरी छोट्या गावात माणूस ओळखू येतोच. खुल्या पुस्तकात गेलेली हकिकत परत बोलावता येत नाही. म्हणून सीमा आखलीच पाहिजे. पद्धत, सिद्धान्त, कायदा, विश्लेषण हे सगळे मोकळे असावे. व्यक्तीची हकिकत मात्र तिची संमती असेल तेवढीच, आणि ती संमती देताना पुस्तक कोण कोण वाचणार हे तिला समजेल अशा भाषेत सांगून. ज्ञानाचे ऋण सेवार्थीचे आहे असे एकदा म्हटले, की काय मोकळे करायचे यात त्याचे म्हणणे पहिले. किंमत वाढवून ही गोपनीयता राखली जाते, असा दावा मात्र कोणी करू नये. तीन हजार रुपयांच्या ग्रंथातही माणूस तितकाच उघडा पडतो.

मोकळ्या पुस्तकात कोणीही काहीही घुसडेल, ही भीती याच्या मानाने हलकी आहे, आणि तिचे उत्तर शेजारी पैठणला आहे. ज्ञानेश्वरी सर्वांसाठी मराठीत झाली, हातोहात नकलली गेली, आणि तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत अपपाठ शिरले, हे खरेच आहे. एकनाथांनी त्यावर ग्रंथ कुलुपात ठेवण्याचा उपाय केला नाही. उपलब्ध प्रती मिळवून, ताडून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढच्यांनी तिच्यात भर घालू नये असे बजावले. मोकळेपणा आणि संपादन यांचे वैर नाही. उलट जिथे पाठ मोकळा असतो तिथेच चूक दिसते आणि ती दुरुस्त करणारा पुढे येऊ शकतो. परीक्षेपुरत्या पुस्तकांतल्या चुका मात्र आवृत्तीमागून आवृत्ती तशाच छापल्या जातात, कारण त्या सुधारण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला सुधारण्याची गरज नसते. प्रत्येक आवृत्तीवर वर्ष, संपादकाचे नाव आणि केलेल्या बदलांची नोंद असली, की गोंधळाची भीती बरीच ओसरते.

लेखकाच्या श्रमांचे काय, हा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. कायद्याच्या अंगाने त्याचे उत्तर बऱ्यापैकी मिळालेले आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमातली प्रकरणे एकत्र करून झेरॉक्स विकणे हा प्रताधिकाराचा भंग, असे त्यांचे म्हणणे होते. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो दावा फेटाळला, आणि साहित्यातला प्रताधिकार हा काही दैवी वा निसर्गसिद्ध हक्क नाही, असे स्पष्टपणे लिहिले. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शिक्षणासाठीच्या अपवादाचा व्यापक अर्थ कायम ठेवला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. तेव्हा झेरॉक्स काढणाऱ्या विद्यार्थ्याला चोर म्हणणे आता कोणाला शोभणार नाही. पण न्यायालयाने नकलण्याची मुभा दिली. नवे लिहिणाऱ्याच्या पोटाची सोय केली नाही. पूर्ण पगारी प्राध्यापकाचे ठीक आहे. त्याचा पगार लोकांच्या करातून येतो, आणि मराठी पाठ्यपुस्तकाच्या मानधनावर त्याचे घर चालत नाही. अवघड आहे ते तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचे. वर्षानुवर्षे तासांप्रमाणे तुटपुंजे पैसे घेणाऱ्या, सुट्टीत तेही न मिळणाऱ्या माणसाला ‘ज्ञानदान म्हणून एक प्रकरण लिहून द्या’ असे सांगणे म्हणजे ज्या दानाला आपण दारातून घालवले त्यालाच खिडकीतून आत घेणे होय. मोफत पुस्तक वाचकाला मोफत असते, तयार करायला ते कधीच मोफत नसते, आणि तो खर्च सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवा. इथे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतले गुणांचे कोष्टक पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडून निघालेल्या पुस्तकाला त्यात १२ गुण आहेत, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, भाषांतरित पुस्तकाला ८. म्हणजे परदेशी प्रकाशकाने छापलेले, महागडे आणि इथे कोणी न वाचलेले पुस्तक हे वर्गात रोज वापरल्या जाणाऱ्या मराठी भाषांतरापेक्षा दीडपट मोलाचे. अर्थात याच कोष्टकात संपूर्ण अभ्यासक्रमासाठी केलेल्या ई-साहित्यालाही १२ गुण आहेत. तेव्हा नियम आड येतो, ही सबब पूर्ण खरी नाही.

फुकटच्या वस्तूला किंमत नसते, हा आक्षेप राहिला. तो शिक्षकांच्या खोलीत सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी तपासला जातो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून निघू लागलेला मराठी विश्वकोश आज कोणालाही घरबसल्या मोफत वाचता येतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेले आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंडही मोफत उतरवून घेता येतात. यांपैकी कशाचीही प्रतिष्ठा त्यामुळे उतरलेली नाही. ज्या समाजात पुस्तक पूजेला ठेवतात आणि पुतळ्याच्या हातीही देतात, त्या समाजात किंमतपट्टी पाहून ग्रंथाचा मान ठरतो असे मानणे हा वाचकांचा अपमान आहे.

विद्यापीठाच्या समाजकार्य अभ्यास मंडळाकडे म्हणून एकच आग्रह आहे, आणि तो मुद्दाम लहान ठेवला आहे. सगळा अभ्यासक्रम एका फटक्यात मोकळा करण्याच्या घोषणा नकोत. अशा घोषणांची पुढे संकेतस्थळावरची बंद पाने होतात. समुदाय संघटन हा एकच विषय घ्यावा. त्याचे मराठी पाठ्यपुस्तक, बदल करण्याच्या मुभेसह, विद्यापीठाच्या पैशाने करावे. लिहिणाऱ्यांत तासिका तत्त्वावरचे अध्यापक असावेत आणि त्यांना मानधन रोख द्यावे. ऊसतोडीच्या तांड्यावर आणि शहरातल्या वस्त्यांत काम करणारे कार्यकर्ते केवळ माहिती देणारे म्हणून न येता लेखक म्हणून नावानिशी यावेत. दर दोन वर्षांनी संपादकाच्या नावाने सुधारलेली आवृत्ती काढावी. पहिले प्रकरण ठक्करांना लिहिलेल्या त्या पत्राचे असावे. ते पत्र आंबेडकरांनी १९४५ साली आपल्या पुस्तकात छापले, शासनाच्या नवव्या खंडात ते आहे, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची कायद्याची मुदत संपल्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून ते भाषांतरित करायला, छापायला आणि वाटायला कोणाची परवानगी लागत नाही.